एकदा झालेला ग्रह

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी.

आजपासून रोज लिहायचं. चार ओळी का होईना. वाचायला कुणी नाही, म्हणून खरं तेच लिहिणार.

संकल्प: रोज सकाळी चालणं. बाहेरचा डबा बंद, स्वतः शिजवणं. प्रश्नोत्तरांचं पुस्तक नवीन वर्षाच्या आत पुरं. आणि सौ. परत येईल तेव्हा तिला स्वयंपाकघर ओळखू येता कामा नये, इतकं लखलखीत. (यातला निम्मा भाग आत्ताच साधला आहे. ओळखू येत नाही.)

सौ. तिच्या धाकट्या बहिणीकडे गेली आहे. गुडघ्यांमुळे. आम्ही चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मेव्हणीच्या इमारतीला आहे. उन्हाळ्यात गेली, आता स्वेटर काढायचे दिवस आले. गुडघ्याचं दुखणं चिवट असतं. मी घाई करत नाही.

संध्याकाळी.

चाललो नाही. बुटाची नाडी तुटली. डबा मागवला, कारण नाडीच्या भानगडीत भाजी आणायची राहिली.

५ नोव्हेंबर, बुधवार.

तारांगणात सकाळपासून शाळांची रांग. शो संपून दिवे लागले, की मी घुमटाखाली मधोमध उभा राहतो आणि म्हणतो, विचारा. हा शब्द उच्चारताना अजूनही अंगावर काटा येतो. प्रोजेक्टर काय, कुणीही चालवेल. उत्तर देणं ही कला आहे.

आजचे प्रश्न. शनीच्या कड्यांवरून घसरता येईल का? (नाही. कडी म्हणजे गुळगुळीत रस्ता नव्हे, बर्फाचे आणि दगडांचे तुकडे आहेत, चड्डी फाटेल. हशा.) रात्री सूर्य कोण विझवतं? ब्लॅक होलमध्ये मोबाइलला रेंज येते का? आणि मागच्या रांगेतून एक कार्टं, चंद्रावर पादलं तर आवाज येतो का? त्यांच्या बाई कानकोंड्या झाल्या. मी अजिबात न हसता सांगितलं, की बाहेर हवा नाही, म्हणून आवाज कुणालाच जाणार नाही. सूटच्या आत मात्र हवा असते, तेव्हा आवाजही स्वतःचा आणि बाकीचंही स्वतःचंच. टाळ्या थांबेनात.

मी कुठल्याही प्रश्नाला हसत नाही, कुठलाही प्रश्न परत पाठवत नाही. इतक्या वर्षांत एकही माणूस माझ्यासमोरून उत्तराशिवाय गेलेला नाही. घरी याची किंमत नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तसं.

६ नोव्हेंबर, गुरुवार.

लेकीचा फोन. ती फिजिओथेरपिस्ट आहे, दुसऱ्या गावात असते.

बातमी अशी, की सौ.ला एका मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर म्हणून बोलावलंय. इथून दूर आहे, रात्रभराचा प्रवास. राहायला दोन खोल्या. महिनाअखेरपर्यंत हो की नाही ते कळवायचंय. मी हसलो. म्हटलं, तिचे गुडघे बघता जिने कोण चढणार? लेक म्हणाली, आईच्या गुडघ्यांना काहीही झालेलं नाही, कधीच झालं नव्हतं. मुलगी हुशार आहे, पण अनुभव कमी. निदान चुकू शकतं.

मग तिनं मुद्द्याला हात घातला. म्हणाली, बाबा, आईचा असा ग्रह झालाय, की ती असली काय नि नसली काय, तुला काही फरक पडत नाही. म्हटलं, कुणी उगाच ग्रह करून घेतला तर त्याला औषध नाही. लेक म्हणाली, औषध आहे, तू तो बदल. आई अजून थांबलीये, फक्त तेवढ्यासाठी थांबलीये.

मी म्हणालो, ती मला काही विचारते का? सौ.चे प्रश्न म्हणजे प्रश्नचिन्हाशिवायचे. दारात उभी राहून म्हणणार, आज पाऊस येईलसं वाटतं. म्हणणार, समोरची मंडळी फिरायला निघालेली दिसतात. आणि मग बघत राहणार. आता ह्याला माणसानं उत्तर काय द्यायचं? मराठीची शिक्षिका होती, तिला तरी कळायला नको? मी लेकीला स्वच्छ सांगितलं, आईला म्हणावं, नीट प्रश्न विचार, प्रश्नचिन्हासकट. रस्त्यावरच्या माणसाला मी उत्तर देतो, तिला नाही देणार?

लेक म्हणाली, सांगते तिला.

मला वाटतं, प्रकरण मार्गी लागलं.

९ नोव्हेंबर, रविवार.

रेडिओ. ‘विचारा आकाशाला’. आठवडाभर श्रोते फोनवर प्रश्न सांगून ठेवतात, निवेदिका ते वाचून दाखवते, मी उत्तरं देतो. बंद खोली, समोर माइक, काचेपलीकडे साउंडवाला जांभया देतोय. तरीही त्या खोलीत मला जेवढं घरच्यासारखं वाटतं तेवढं हल्ली घरी वाटत नाही.

आज उत्तम प्रश्न. पृथ्वी फिरते, तर हेलिकॉप्टर एका जागी वर थांबवून खाली दुसरं गाव आलं की उतरावं, असं का करता येत नाही? (हवाही पृथ्वीबरोबर फिरते, हेलिकॉप्टरही.) दुसरा एका बाईंचा. विश्व सारखं पसरतंय म्हणता, मग आमची खोली का पसरत नाही, आम्ही सहा जण आहोत. मी सांगितलं, जवळच्या वस्तू एकमेकींना धरून ठेवतात, म्हणून पसरणं फक्त फार लांबच्यांमध्ये जाणवतं.

कार्यक्रमानंतर निवेदिका म्हणाली, सर, एखाद्या वेळी ‘माहीत नाही’ म्हणालात तर लोकांना आवडेल, आपलेपणा वाटतो. पोरगी नवीन आहे. मी म्हटलं, लोक विहिरीवर पाणी प्यायला येतात, विहीर कोरडी बघायला नाही. पण नंतर विचार केला, करून बघायला काय हरकत आहे? संकल्प: दर रविवारी एकदा ‘माहीत नाही’ म्हणणे.

बुधवारी सौ.ला फोन करायचा, हाही संकल्प.

१२ नोव्हेंबर, बुधवार.

केला फोन. दिला शब्द पाळणारा माणूस आहे मी.

सौ. म्हणाली, थंडी पडायला लागली. मी म्हणालो, पडणारच. पृथ्वीचा आस कललेला आहे, आपला गोलार्ध सध्या सूर्यापासून दूर कलतोय. बऱ्याच जणांना वाटतं, की थंडीत पृथ्वी सूर्यापासून लांब जाते, पण तसं नाही, उलट जानेवारीच्या सुरुवातीला ती सगळ्यात जवळ असते. तिला हे नीट समजावून दिलं. ती म्हणाली, हिरवा स्वेटर तिकडेच राहिलाय. मी म्हणालो, हो, कपाटात आहे. ती म्हणाली, बरं.

एकूण बोलणं छान झालं. मुख्यतः माझं. फोन ठेवल्यावर सुचलं, की स्वेटर नेऊन द्यायचा का असं विचारायला हवं होतं. पण तिला हवा असता तर म्हणाली असती.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार.

पहिल्यांदा स्वतः शिजवलं. बटाटे. अर्धे कच्चे, अर्धे करपलेले, आणि दोन्ही एकाच भांड्यात, हे विज्ञानाच्या दृष्टीनं रोचक आहे. भांडं भिजत घातलं. आधीचीही भिजत आहेत.

टीव्ही लावून ठेवतो. बघत नाही. आवाज असावा म्हणून. पूर्वी ती इकडून तिकडे जायची, कपाटं उघडायची, स्वतःशी काहीबाही बोलायची, तेव्हा मला कामात व्यत्यय यायचा. आता व्यत्यय नाही. पुस्तकाचं एक पानही झालेलं नाही. घर खायला उठतं.

हे वाक्य खोडून टाकणार होतो. राहू दे, कुणी वाचणार नाही.

सौ.ला शब्दांवर कोट्या करायची खोड होती. पाहुण्यांना सांगायची, ह्यांचा धंदाच मुळी लोकांना दिवसा तारे दाखवायचा. पाहुणे पोट धरून हसायचे. मग मी त्यांना समजावून सांगायचो, की घुमटात दिसतात ते तारे नसून फक्त तार्‍यांच्या प्रतिमा असतात. कोटी म्हणजे शेवटी शब्दांचा घोटाळा. माझा त्यात कधी जीव रमला नाही. पाहुणे मात्र यायचे तेव्हा.

१६ नोव्हेंबर, रविवार.

रेडिओ. अंतराळवीर रडला तर अश्रू कुठे जातात? झकास प्रश्न. सांगितलं, की वजनच नाही, त्यामुळे अश्रू गालावरून ओघळत नाहीत. डोळ्यातच साठत जातात, पाण्याचा मोठा थेंब होऊन चिकटून बसतात, शेवटी स्वतःच टिपावे लागतात. निवेदिका म्हणाली, बिचारे. मी म्हटलं, बिचारे कशानं, टॉवेल असतो.

‘माहीत नाही’साठी एक प्रश्न राखून ठेवला होता. परग्रहावर कुणी असेल तर ते आपल्याबद्दल काय विचार करत असतील? ओठावर शब्द आले होते. पण तोंड उघडलं आणि दहा मिनिटांचं उत्तर बाहेर पडलं. साउंडवाल्यानं जाहिरात लावून मला तोडलं.

पुढच्या रविवारी नक्की.

१९ नोव्हेंबर, बुधवार.

आज हिय्या केला. हिरवा स्वेटर पिशवीत घातला आणि थेट मेव्हणीच्या घरी गेलो. ठरवलं होतं, जास्त बोलायचं नाही. चल, एवढंच म्हणायचं.

साडूनं दार उघडलं. हा माणूस सोफ्यावर बसून घोरण्याव्यतिरिक्त काही करताना मी पाहिलेला नाही. म्हणाला, ताई फिरायला गेल्यात, रोज जातात, पार तलावाला वळसा घालून येतात. येताना लिफ्ट घेत नाहीत. जिना चढून येतात, आम्ही ओरडतो, ऐकत नाहीत.

मला भरून आलं. जिना चढायचा सराव करते आहे. कशासाठी, हे साडूला कुठून कळणार? आमच्या घरी चार मजले आहेत.

थांबणार होतो. साडू पुन्हा घोरायला लागला. वाटलं, तिची तयारी चालू आहे, आपण मध्ये घाई कशाला करा. स्वेटर खुर्चीवर ठेवून आलो. आज चालणंही झालं.

२३ नोव्हेंबर, रविवार.

आजचा कार्यक्रम माझ्या आयुष्यातला सर्वोत्तम. आत्ताच घरी आलोय, बूटही काढलेले नाहीत, आधी लिहून ठेवतो.

निवेदिकेनं शेवटचा प्रश्न घेतला. ‘एक श्रोती’ एवढंच नाव. प्रश्न असा: एकदा झालेला ग्रह बदलू शकतो का? बदलत असेल, तर किती वाट पाहावी?

वाचून झाल्यावर निवेदिका माझ्याकडे बघून हसली आणि माइकवरच म्हणाली, सर, ह्या बाईंना ग्रह म्हणजे आपला आकाशातलाच म्हणायचाय ना? मी म्हटलं, ग्रह म्हणजे ग्रह. आकाशात नाही तर काय माळ्यावर असणार? प्रश्न मोठा मार्मिक होता. फक्त ‘तयार झालेला’ म्हणायच्या ऐवजी बाई नुसतं ‘झालेला’ म्हणाल्या होत्या. हल्ली भाषेकडे कुणाचं लक्ष नसतं.

मग मी जे सुटलो! धुळीच्या तबकडीतून ग्रह कसा गोळा होतो, किती काळ लागतो, आपली वाट कशी पकडतो. म्हणालो, ग्रह एकदा झाला की झाला. तो आपल्या कक्षेत फिरत राहतो, त्याला कुणाची फिकीर नसते. दुसरं काही प्रचंड येऊन आदळलं तरच थोडाफार बदल. तेव्हा वाट पाहण्यात अर्थ नाही, माणसाच्या एका आयुष्यात तर मुळीच नाही. आणि शेवटी, जराशी गंमत म्हणून, हे वाक्य: ज्याला बदल हवाच असेल, त्यानं ह्याच्या नादी न लागता दुसरा ग्रह शोधावा, आता हजारो सापडले आहेत!

साउंडवाल्यानं काचेपलीकडून अंगठा दाखवला. आजवर कधी दाखवला नव्हता. मला आकाश ठेंगणं झालं. सौ.नं ऐकलं असलं तर बरं. मेव्हणीकडे रेडिओ चालू असतो.

२४ नोव्हेंबर, सोमवार.

लेकीचा फोन. आवाज बसलेला. म्हणाली, बाबा, काल आई ऐकत होती. म्हटलं, वा! कसं वाटलं तिला? लेक म्हणाली, आधी मला सांग, तू जे बोललास, तुला खरंच तसं वाटतं? मी म्हणालो, वाटण्याचा प्रश्नच कुठे येतो, हे सिद्ध झालेलं आहे.

लेक म्हणाली, ठीक आहे, सांगते आईला.

पोरीला शास्त्राची गोडी लागते आहे. उशिरा का होईना.

२५ नोव्हेंबर, मंगळवार.

लेकीचा मेसेज. आई गुरुवारी दुपारी घरी येतेय, मी पण येतेय सोबत.

घरी येतेय! असं लिहिलंय. ‘घरी’. मी म्हणत होतो की नाही?

सगळी भिजत घातलेली भांडी घासली. दोन टाकून दिली. पडदे धुतले, ते आकसले, आता खिडकीच्या अर्ध्यापर्यंतच येतात. उजेड छान येतो. गुरुवारची रजा टाकली. संकल्प: ती आल्यावर कमी बोलणे. तिनं काही म्हटलं, की त्यात प्रश्न आहे का ते आधी बघणे.

२७ नोव्हेंबर, गुरुवार.

लिहायचं मनात नव्हतं.

दोघी आल्या. लेकीच्या हातात दोन मोठ्या बॅगा, हलक्या दिसत होत्या. रिकाम्या होत्या. सौ. हॉलमधल्या खुर्चीत टेकली, पाहुण्यासारखी पर्स मांडीवर ठेवून. हिरवा स्वेटर घातला होता. आकसलेले पडदे बघितले. मी चहा केला. तोही तिनं पाहुण्यासारखाच घेतला.

मग म्हणाली, रविवारी ऐकलं. बरं झालं, एकदाचं सरळ बोललात. इतक्या वर्षांत तुमच्याकडून इतकं स्पष्ट उत्तर कधी मिळालं नव्हतं.

मला आधी वाटलं, कार्यक्रमाचं कौतुक आहे. तोंडावर हसूसुद्धा आणलं. लेक माझ्याकडे बघत होती. तिची ती नजर बघता बघता एकदम डोक्यात प्रकाश पडला. ग्रह. झालेला ग्रह. मराठीची शिक्षिका. प्रश्नचिन्हासकट विचार, असं मीच कळवलं होतं. हातातली बशी खाली ठेवली.

सौ.नं शांतपणे विचारलं, तुम्हाला कळलं होतं ना, मीच विचारतेय ते?

नाही. एवढंच म्हणायचं होतं. दोन अक्षरं. नाही म्हणालो असतो, तर ती कदाचित हसली असती. इतकी सोपी कोटी ह्यांना कळली नाही म्हणून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली असती. पण ज्या माणसानं जन्मभर लोकांना उत्तरं दिली, त्यानं बायकोसमोर, लेकीसमोर, प्रश्नच कळला नाही असं म्हणायचं? ग्रहाचा प्रश्न?

मी म्हणालो, अर्थात.

ती पर्सच्या पट्ट्याशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, मला वाटलं होतं, कळलं नसेल. हिलाही मी तसंच म्हणत होते, ह्यांना कळलंच नसेल. तेवढं बघायला म्हणून आले होते.

लेकीनं तोंड फिरवलं. दोघी आत गेल्या. कपाट उघडल्याचा आवाज आला, हँगर काढल्याचे आवाज आले. मी हॉलमध्येच उभा होतो. आत जाऊन बोलायला दहा पावलं पुरली असती.

बॅगा मी खाली नेऊन दिल्या. ती माझ्यापुढे जिना उतरली, कठड्याला हातही न लावता. गुडघे उत्तम आहेत तिचे.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार.

शांतपणे विचार केला. चूक माझी नाही. प्रश्न संदिग्ध होता. खगोलशास्त्राच्या कार्यक्रमात ग्रह म्हटल्यावर कुठलाही शहाणा माणूस ग्रहच समजणार. निवेदिकेला शंका आली होती, तर तिनं ती नीट मांडायला हवी होती.

असो. अजून महिना संपलेला नाही. रविवारपर्यंत वेळ आहे. उद्या फोन करून सांगतो, की मला कळलं नव्हतं. साधी गोष्ट आहे.

आरशासमोर म्हणून बघितलं. मला कळलं नव्हतं. दाढीचा फेस तोंडात गेला.

२९ नोव्हेंबर, शनिवार.

फोन केला. एंगेज होता.

म्हणजे, वाजायच्या आत मीच ठेवला. पण त्या वेळी ती कुणाशी तरी बोलतच असणार.

फोन हे माध्यमच चुकीचं आहे. ज्या माध्यमातून गैरसमज झाला, त्यातूनच तो दूर व्हावा. उद्या कार्यक्रमात जाहीर दुरुस्ती करतो. सगळ्या श्रोत्यांसमोर! ह्याहून मोठं मन कुणी दाखवेल? वाक्य लिहून काढलं: गेल्या रविवारी एका श्रोतीला दिलेलं उत्तर चुकलं होतं, मला तिचा प्रश्न कळला नव्हता. पुढे लिहिलं, थांबावं ही विनंती. वाचलं आणि डोळे भरून आले. चांगलं जमलंय.

३० नोव्हेंबर, रविवार.

निवेदिकेला आधीच सांगून ठेवलं, आज सुरुवातीला दुरुस्ती आहे. लाल दिवा लागला. ती म्हणाली, सरांना मागच्या भागातल्या एका उत्तरात दुरुस्ती करायची आहे. मी कागद हातात घेतला. घसा साफ केला. पलीकडे साउंडवाला, समोर ती, आणि कुठे कुठे लोक कान लावून बसलेले.

म्हणालो, गेल्या वेळी मी दुसऱ्या ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांचा ढोबळ आकडा सांगितला, तो जुना होता. आता आणखी सापडलेत.

निवेदिका म्हणाली, वा, म्हणजे आणखी पर्याय!

बाकी कार्यक्रमात काय झालं, आठवत नाही. चंद्र आमच्या गाडीमागे का धावतो, असं कुणीतरी विचारलं होतं. बरोबर सांगितलं असेन.

१ डिसेंबर, सोमवार.

लेकीचा मेसेज. आईनं काल होकार कळवला, आज निघते.

चाललो नाही. डबा मागवला. खाल्ला नाही.

५ डिसेंबर, शुक्रवार.

तारांगणात आज एका मुलीनं विचारलं, सगळ्यात एकटा ग्रह कोणता? मी सांगितलं. काही ग्रह कुठल्याच ताऱ्याभोवती फिरत नाहीत, अंधारात एकटेच भटकत असतात, असे सापडलेत. तिनं विचारलं, त्यांना तिथे कुणी टाकलं? मी म्हणालो, बऱ्याचदा आपल्याच घरातल्या धक्काबुक्कीत बाहेर फेकले जातात. मुलं हसली. मला ह्या वेळी हसूही आलं नाही, टाळ्याही नको वाटल्या. प्रश्न संपायच्या आत दिवे घालवायला सांगितले.

मला तिची आठवण येते. सकाळी येते, दुपारी येते, ती काही म्हणाली असती आणि मी ऐकलं नसतं अशा प्रत्येक वेळी येते.

लेकीकडून वसतिगृहाचा नंबर घेतला. तिनं दिला. फक्त म्हणाली, बाबा, ह्या वेळी काय ते नीट बोल.

८ डिसेंबर, सोमवार. संध्याकाळी.

जेवायच्या आधी फोन केला, तेव्हा ती ऑफिसात असते असं लेक म्हणाली होती. कागद पुढ्यात ठेवला. त्यावर एकच ओळ, बाकी सगळं खोडून टाकलेलं. मला कळलं नव्हतं, तू परत ये.

एका मुलीनं उचलला. मी नुसतं हॅलो म्हटलं तर किंचाळली, ‘विचारा आकाशाला’वाले सर! मग पायांचे आवाज, खुर्च्या सरकल्या, अजून पाचसहा जणी आल्या, फोन स्पीकरवर. मी म्हटलं, रेक्टरबाई आहेत का? म्हणाल्या, राउंडला गेल्यात, येतीलच, सर, तोवर एक विचारू?

नाही म्हणता आलं नाही.

अंतराळात केस कसे धुतात? तारा तुटताना मागितलेलं खरंच मिळतं का? परीक्षेच्या दिवशी पृथ्वी थोडी हळू फिरेल असं काही करता येईल का? मी सांगत गेलो. त्या हसत होत्या, एकमेकींना गप्प करत होत्या, अजून एक सर, शेवटचा सर. आवाज माझाच होता आणि चांगला लागला होता.

बोलता बोलता पलीकडे दाराचा आवाज झाला आणि मला तिची चाल ऐकू आली. तिनं विचारलं, हे काय चाललंय, अभ्यासाची वेळ आहे ना? मुली चिडीचूप. एक जण हळूच म्हणाली, मॅडम, रेडिओवरचे सर आहेत, किती छान सांगतात.

स्पीकर बंद झाला. फोन तिच्या हातात गेला, तिचा श्वास कळला. कागद माझ्या हातात होता. मुली तिच्या भोवती उभ्या असणार. ती वाट बघत होती, चांगला बराच वेळ. मी ओळ वाचणारच होतो.

मग ती म्हणाली, नमस्कार सर. मुलींसाठी वेळ काढलात, आभारी आहे.

मी सवयीनं म्हणालो, आणखी काही शंका असली तर अवश्य विचारा.

नाही, म्हणाली, आता काही शंका नाही.